खाणींच्या आगगाड्या, त्यांच्यावरची पुस्तकं आणि आपला काळा दगड

अंबाजोगाईकर

मागच्या महिन्यात कामासाठी हैदराबादला होतो. रविवार मोकळा मिळाला म्हणून आबिड्सच्या फुटपाथवर पुस्तकं चाळत बसलो. वर सगळी प्रवेश परीक्षांची, गाइडांची रास. तळातून एक पाठ उसवलेलं पुस्तक निघालं. आर. जे. सेलिक यांचं, इंग्लंडातल्या वेस्ट सॉमरसेट मिनरल रेल्वेवरचं, १९६२ चं. ऐंशी सांगितले, साठला दिलं. विकणाऱ्याला वाटलं मी इंजिनिअर आहे. मी बँकेत आहे.

तीन रात्रींत संपवलं. लाईन केवढी, तर जेमतेम वीस किलोमीटर. ब्रेंडन हिल्स नावाच्या डोंगरावर लोखंडाच्या खाणी, खाली वॉचेट नावाचं छोटं बंदर. मध्ये एक उतार असा की चार फूट पुढे गेलं की एक फूट खाली. तिथे इंजिन चालायचंच नाही. वरच्या भरलेल्या वाघिणी (मालाचे डबे) तारेच्या दोराने खाली सोडायच्या आणि त्यांच्याच वजनाने खालच्या रिकाम्या वर यायच्या. विहिरीवर दोन पोहरे असतात ना, तसं. या उतारावर माणसांना फुकट नेत, पण जिवाची जबाबदारी ज्याची त्याची. पुढे स्पेनचं लोखंड स्वस्त पडू लागलं, १८८३ ला खाणी बंद झाल्या, १८९८ ला गाडीही थांबली, आणि पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, रूळही उखडून नेले.

एवढ्याशा, तोट्यात गेलेल्या, कुणाला आठवतही नसलेल्या लाईनीवर माणसाने अख्खं पुस्तक लिहिलं! म्हणून तीन प्रश्न.

खेड्यापाड्यातल्या खनिज-लाईनींवरची अशी आणखी पुस्तकं कुणी वाचलीत का? आपल्या भागाबद्दल, म्हणजे जुन्या निजाम राज्याबद्दल, असं काही आहे का? आणि नसेल तर का नाही?

माझ्या गावाला रेल्वे नाही, बहुधा म्हणूनच हा नाद लागला असावा. आणि एक विनंती: "गाडी इतकी हळू की उतरून आडोशाला जाऊन परत चढायचो" हा किस्सा हिंदुस्थानातल्या प्रत्येक नॅरोगेजबद्दल, म्हणजे अरुंद रुळाच्या गाडीबद्दल, सांगून झालेला आहे. इथे नको.

थर्मलची_पाटी

मी पयला. वाचतोय. परळीत या, रोज कोळशाची गाडी दाखवतो. पुस्तक कशाला पाहिजे?

बाभळगाव_बॉय

आमच्या लातूरची गाडी इतकी हळू होती की...

अंबाजोगाईकर

@बाभळगाव_बॉय दुसऱ्याच प्रतिसादाला?

खडकवेडा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पायाखाली आहे. मराठवाडा जवळपास सगळा काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. लाव्ह्याचे थरावर थर. कोळसा आहे तो वर्धा आणि गोदावरीच्या खालच्या खोऱ्यात, गोंडवन नावाच्या जुन्या खडकांत. आपल्याकडे थेट किनवटच्या पलीकडे हा काळा खडक संपत येतो, चुनखडी वगैरे दिसू लागते. खाणच नाही तर खाणीची लाईन कुठून येणार?

मात्र एक खनिज आपण रेल्वेला भरभरून दिलं, खडी. रुळाखाली अंथरतात ती. डोंगर फोडून खडी काढायची, सायडिंगला (बाजूच्या रुळावर) वाघिणी लावून भरायची आणि गाडीनेच पुढच्या रुळाखाली ओतायची. म्हणजे आपली खनिज-लाईन स्वतःच्याच पोटाखाली गेली. यावर पुस्तक लिहायला हरकत नाही, पण नायक दगड.

गोदाकाठची

नायक दगड का म्हणून? तो फोडणाऱ्या वडार बायामाणसांचं काय?

खडकवेडा

मान्य, ताई. शब्द मागे घेतो.

बार्शी_लाईटचा_भाचा

@अंबाजोगाईकर दादा, तुमचं पुस्तक वाचून तुम्हाला आश्चर्य वाटलं, मला तर एका पुस्तकाने राग आणला होता. सांगतो.

आपली बार्शी लाईट. अडीच फुटी रूळ, बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७ ला सुरू. पुढे पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. लातूर ते मिरज सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. हे डोकं एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं. त्याचं म्हणणं सोपं होतं: इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही एका आसावर पाच टनांच्या वर वजन येऊ द्यायचं नाही. मग रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो, खर्च निम्म्यावर येतो. गाड्या बार्शीला पाठवण्याआधी त्याने इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून, गाडी पळवून लोकांना दाखवलीही होती.

आता राग कसला ते. बार्शीचा अनुभव घेऊन याच माणसाने इंग्लंडात स्टॅफर्डशरच्या एका दरीत दूध वाहायला तशीच अडीच फुटी लाईन उभारली. लीक अँड मॅनिफोल्ड. १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद. लांबी सव्वाआठ मैल. तीस वर्षं जगली. तिच्या इंजिनांना आपल्यासारखे मोठाले दिवे होते आणि डब्यांना टोकाला व्हरांडे, जणू गाडी मुरूडहून ढोकीला निघालीय. त्या सव्वाआठ मैलांवर एक नाही, अनेक पुस्तकं आहेत. फोटोंची वेगळी, इंजिनांची वेगळी. रूळ काढले तिथे आता पायवाट आहे, तिच्यावर माहितीफलक आहेत.

आणि जिच्यावरून ती बेतली ती सव्वातीनशे किलोमीटरची आई? मराठीत तिच्यावरचं सलग पुस्तक माझ्या हाताला आजवर लागलेलं नाही. रविवार पुरवण्यांत लेख येतात, त्यात तो उतरण्या-चढण्याचा किस्सा असतो. (सॉरी दादा.)

उस्मानपुरा_जंक्शन

+१. धागा वाचनखुणेत टाकला.

अवांतर: हा कॅलथ्रॉप पुढे हवाई छत्र्यांच्या नादी लागला. विमानातून उडी मारायची पॅराशूट त्याने बनवली, नाव ठेवलं "गार्डियन एंजल". बार्शीच्या चालत्या गाडीतून उतरणारी माणसं बघूनच सुचलं असणार.

थर्मलची_पाटी

हाहा. हे जबरदस्त आहे.

पूर्णा_पंधरा_मिनिटं

विषय खनिजाचा आहे आणि तुम्ही कापूस, दूध, वारकरी वाहणाऱ्या गाडीवर आलात. बार्शी लाईट खनिज-लाईन नव्हे.

निजामाच्या रेल्वेबद्दल बोलायचं तर ती सगळी कोळशासाठीच होती. सिंगरेणीची कोळशाची खाण काढली, गाड्या चालवल्या, पैसा लंडनला. एवढंच पुस्तक.

जुनी_वाडी

@पूर्णा, इतकं सरळ नाही हो. थोडं लांबतं, चहा घेऊन बसा.

वाडी ते सिकंदराबाद ही पहिली लाईन १८७४ ची. तेव्हा कोळशाचा धंदा सुरूच झालेला नव्हता. इंग्रजांना सिकंदराबादच्या छावणीपर्यंत मुंबईकडून रूळ हवा होता, पैसा मात्र निजामाने घालायचा. कोळसा सापडला होता, पण तो लांब. भूगर्भ खात्याच्या विल्यम किंग यांना १८७१ च्या सुमारास येल्लंदूकडे तो दिसला. आजही तिथल्या एका थराला किंग सीम म्हणतात.

खरं नाट्य १८८३ चं. फेब्रुवारीत निजामाचे दिवाण सालारजंग वारले. त्यानंतर लंडनच्या कंपनीशी करार करायचं घाटत होतं: आहे ती लाईन कंपनीला द्यायची, ती पुढे वरंगळ-बेजवाड्याकडे (आजचं विजयवाडा) आणि चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) न्यायची, आणि कंपनीच्या भांडवलावर निजाम सरकारने वीस वर्षं पाच टक्के व्याजाची हमी घ्यायची. फायदा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर रयतेच्या माथी. हैदराबादेतल्या काही शिकलेल्या लोकांनी विचारलं, करार आधी लोकांपुढे तरी ठेवा. त्यांत पुढे होते अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांना मे महिन्यात राज्याबाहेर काढलं. सरोजिनी तेव्हा चार वर्षांच्या. रेल्वेचा करार वाचायला मागितला म्हणून हद्दपारी! करार वर्षअखेरीला झालाच.

आणखी मजा पुढे आहे. करार घडवणारे सरदार अब्दुल हक यांनी नंतर खाणींचा मक्ताही लंडनच्या मंडळींना मिळवून दिला, १८८६ ला. मग शेअरांचा इतका गोंधळ निघाला की १८८८ ला ब्रिटिश संसदेची चौकशी समिती बसली. चांद्याची जोडणी मात्र तेव्हा झालीच नाही. काझीपेठ-बल्लारशा रूळ जुळले ते १९२९ ला, आणि दिल्ली-मद्रास सरळ रस्ता झाला.

आता धाग्याचा प्रश्न. हे कुठे वाचायचं? सय्यद मेहदी अलींनी त्या काळातली वर्तमानपत्रांची कात्रणं जमवून "हैदराबाद अफेअर्स" नावाचे जाडजूड खंड छापले. रेल्वेवरून पेटलेलं भांडण त्यात ताजं वाचायला मिळतं. भारती रे यांचं हैदराबाद आणि ब्रिटिश सत्ता यांच्यावरचं पुस्तक नेमकं १८८३ ला थांबतं, त्यातही आहे. पण ही राज्यकारभाराची पुस्तकं. अंबाजोगाईकरांना हवी ती उताराची, दोराची, वाघिणीची गंमत त्यात नाही.

पूर्णा_पंधरा_मिनिटं

बरं. "सगळी कोळशासाठी" हे जरा जास्त झालं. पण पैसा लंडनला गेला हे तर तुम्हीच सांगितलंत.

जुनी_वाडी

ते कुठे नाकारलं? १९३० ला निजाम सरकारने रेल्वे विकत घेतली तेव्हा कुठे ती खऱ्या अर्थाने त्यांची झाली.

अंबाजोगाईकर

वा! माझ्या साठ रुपयांचं सोनं झालं. १८८३ ला सॉमरसेटच्या खाणी बंद पडत होत्या आणि त्याच साली लंडनच्या कंपनीशी आपल्या रेल्वेचा करार होत होता. पुस्तक वाचताना हे डोक्यातही आलं नव्हतं.

वरोऱ्याची_सून

माहेर सेलू, सासर वरोरा. खनिज-लाईनच पाहिजे तर मराठीत बोलणारी आहे की! वर्धा ते वरोरा, १८७० च्या दशकातली, निव्वळ वरोऱ्याच्या कोळशासाठी टाकलेली. खाण सरकारी होती, १९०६ ला बंद झाली. पण लाईन मेली नाही, पुढे वाढत जाऊन दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या मार्गात मिसळून गेली. आता तिच्यावरून राजधानी धडाडत जाते, बसलेल्यांना पत्ता नसतो की आपण एका जुन्या खाणीच्या फाट्यावर आहोत.

वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, ते बरोबरच आहे. पण सासऱ्यांच्या पिढीला "खदान" म्हणजे काय ते ठाऊक होतं. विदर्भात रामटेकचा फाटा, तुमसर-तिरोडी वगैरे मँगनीजच्या लाईनीही आहेत.

बाभळगाव_बॉय

विदर्भाने कोळसा नेला, मँगनीज नेलं, आता धागाही नेणार.

वरोऱ्याची_सून

सेलूची आहे म्हणून सांगितलं ना रे बाबा!

ढोकीचा_बाळ्या

लई भारी चाललंय. आमच्या आज्याचा एकच किस्सा. ढोकीला कारखाना झाल्यावर टेसनात उसाच्या वासानं डोकं धरायचं. आज्या म्हणायचा, गाडीला शिट्टी नव्हती तरी चाललं असतं, वासावरून कळायचं ढोकी आलं. बाकी तुमचं खनिज-बिनिज आपल्याला कळत न्हाई.

गोदाकाठची

@बाळ्या, असा वास कुठल्याच रेल्वे-पुस्तकात नसतो. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

मी अशी इंग्रजी पुस्तकं बरीच वाचलीत, कामाचा भाग म्हणून. साचा ठरलेला: कंपनी कधी निघाली, भांडवल किती, इंजिन कुठल्या कारखान्याचं, चाकांची रचना काय, शेवटची गाडी कधी. शेवटच्या गाडीचा फोटो हमखास, त्यात खिडक्यांतून हात बाहेर. खाणीत उतरणारा माणूस मात्र "मनुष्यबळ" म्हणून एका परिच्छेदात. हा हौशी लोकांचा इतिहास आहे आणि हौस इंजिनाची असते. आपल्याकडच्या मजुरांबद्दल वाचायचं तर इयन कर यांचं "बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज" वाचा, १९९५ चं. मुकादम, ठेकेदार, माती वाहणाऱ्या बायका, कॉलऱ्याने ओस पडलेल्या छावण्या, सगळं आहे. त्यात इंजिन कमी भेटेल.

बार्शी_लाईटचा_भाचा

ताई, इंजिनाची हौस वाईट नाही हो. ह्यू ह्यूज यांचे "इंडियन लोकोमोटिव्ह्ज"चे चार भाग आहेत, तिसरा नॅरोगेजचा. नुसते तक्ते. कुठलं इंजिन, कुणी बनवलं, कोणत्या साली. कोरडं ठक्क. पण त्या तक्त्यांशिवाय एखाद्या जुन्या फोटोतली गाडी ओळखूच येत नाही. आधी हौशी माणूस यादी करतो, मग तुमच्यासारखे त्यात माणसं भरतात.

गोदाकाठची

भरतो, पण नोंदच नसेल तर कुठून भरायची?

मीटरगेज_मामा

या नोंदींचंच सांगतो. मी रेल्वेत ३४ वर्षं काढली, बहुतेक मीटरगेजवर, म्हणजे मीटरभर अंतराच्या रुळांवर. गेज बदलाचं वारं सुरू झालं तेव्हा एका कचेरीत (नाव घेत नाही, त्यातले काही अजून फोन करतात) जुन्या नोंदवह्यांची दोन खोल्या भरून थप्पी होती. स्टेशन डायऱ्या, अपघाताच्या फायली, गाड्यांची वर्किंग टाइमटेबलं, पुलांचे नकाशे कापडावर काढलेले. वरून हुकूम आला, खोल्या मोकळ्या करा. रद्दीवाला ट्रक घेऊन आला. किलोवर गेलं सगळं. कापडी नकाशे त्याने बाजूला काढले, म्हणाला धुतले की पोतेरं चांगलं होतं. मी आठ-दहा वर्किंग टाइमटेबलं पिशवीत घातली. आजही वाटतं, अजून एक पिशवी न्यायला पाहिजे होती.

वर्किंग टाइमटेबल म्हणजे प्रवाशांचं नव्हे, आमचं. कुठल्या स्टेशनात पाणी, कुठे कोळसा, कुठल्या चढाला किती वाघिणी ओढायच्या, सगळं त्यात. एका पानावर अख्खी लाईन कळते. इंग्लंडात ही वाचनालयांत असतात, संग्राहक विकत घेतात. आपल्याकडे त्यात भजी गेली.

अंबाजोगाईकर

मामा, ती आठ-दहा आहेत अजून?

मीटरगेज_मामा

सहा आहेत. दोनांना वाळवी.

थर्मलची_पाटी

आता जरा गंभीर. पहिल्या प्रतिसादात टवाळी केली, पण विचार केला तर परळीची कोळशाची गाडी हीच आपली खनिज-लाईन. १९७१ पासून औष्णिक केंद्र आहे. कोळसा बाहेरून येतो, राख इथे राहते. लहानपणी आम्ही रुळाकडेला सांडलेला कोळसा वेचायचो. रक्षक मागे लागले की पाटी टाकून पळायचं, म्हणून हे टोपणनाव. २०१३ च्या दुष्काळात केंद्र बंद पडलं, कोळशावाचून नाही, पाण्यावाचून. कोळसा शेकडो किलोमीटरवरून येऊन पडलाय आणि बॉयलरला पाणी नाही.

बाभळगाव_बॉय

पाण्यावरून आठवलं. आमच्याकडे खरीखुरी मिनरल लाईन होऊन गेली आहे. २०१६. मिरजेहून लातूरला. मिनरल वॉटरची!

उस्मानपुरा_जंक्शन

आईशप्पथ. हा या धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद.

बाभळगाव_बॉय

हसा. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांच्या, पंचवीस लाख लिटरच्या येऊ लागल्या, पार पावसाळ्यापर्यंत. आमच्या आईने त्या गाडीला हळदकुंकू वाहिलं होतं. टाकीला, इंजिनाला नाही. आणि भाच्याने वर सांगितलंय ना, लातूर-मिरज, बार्शी लाईटची दोन टोकं. रूळ ब्रॉडगेज झाले, वाट थोडी बदलली, पण टोकं तीच. कापूस न्यायला टाकलेल्या वाटेने पाणी आलं.

ढोकीचा_बाळ्या

वाट बदलली म्हंजे काय थोडी न्हाई. पयली गाडी उस्मानाबादला शिवतच नव्हती. जिल्ह्याचं गाव आन् टेसन येडशीला! ब्रॉडगेजच्या टायमाला वळवून घेतली तवा कुठं शहरात रेल्वे आली.

खडकवेडा

"खेड्यापाड्यातली खनिज-लाईन" या व्याख्येत पाणी बसतं का? भूशास्त्राप्रमाणे बर्फ हे खनिज आहे, द्रवरूप पाणी नाही. टाक्या गोठवल्या असत्या तर बसलं असतं.

थर्मलची_पाटी

लातुरात एप्रिलमध्ये गोठवून दाखवा.

जुनी_वाडी

मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठीत सलग पुस्तक मिळत नसेल तर सुरुवात जिल्हा गॅझेटिअरपासून करा. परभणीचं १९६७ चं, बीडचं १९६९, नांदेडचं १९७१, उस्मानाबादचं १९७२, औरंगाबादचं १९७७. प्रत्येकात दळणवळणाचं प्रकरण आहे. शासनाने ती इंटरनेटवर ठेवलीत, वाळवीची भीती नाही. त्याआधीचं हवं तर १९०९ चा इंपीरियल गॅझेटिअरचा हैदराबाद खंड. दोन्ही शेजारी ठेवून एकाच गावाबद्दल वाचा. कुठलं गाव रुळामुळे वाढलं, कुठलं बाजूला पडलं ते लगेच दिसतं. सेलूच्या, मानवतच्या कापूस-पेठा बघा.

वरोऱ्याची_सून

सेलूचं नाव निघालं, भरून पावले.

येडशीचा_जावई

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. गोदाकाठच्या ताईंनी विचारलं, नोंदच नसेल तर? माझ्याकडे एक वही आहे.

आईचे आजोबा कुर्डुवाडीला हमालांच्या टोळीचे मुकादम होते. मोठ्या गाडीचा कोळसा छोट्या गाडीत भरायचं काम. मोठ्या रुळावरची वाघीण आणि बार्शी लाईटची वाघीण समोरासमोर लावायच्या आणि पाट्यांनी उपसायचं. त्यांची एक वही माळ्यावर सापडली, मोडीत. मला फक्त आकडे कळतात. एका मोडी जाणणाऱ्या सरांकडून दोन पानं वाचून घेतली.

डावीकडे नावं, त्यातली निम्मी बायकांची. पुढे पाट्यांच्या रेघा, चार उभ्या एक आडवी. आषाढात आठवडाभर रकाने कोरे आणि आडवं लिहिलंय, "वाघिणी वारीस". म्हणजे मालाच्या वाघिणी वारकऱ्यांना घेऊन पंढरपूरला गेल्या, म्हणून कोळसा नाही, म्हणून मजुरी नाही. हे सर वाचत होते तेव्हा आई शेजारी बसली होती. तिने लहानपणी ऐकलं होतं की आषाढीला घरात भाकरी कमी असायची. तिला वाटायचं उपास म्हणून.

गोदाकाठची

हे. अगदी हेच. ही वही कृपा करून कुणालाही देऊ नका, फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, प्रत्येक पान सरळ वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून.

बार्शी_लाईटचा_भाचा

जावईबापू, माझ्याकडे इंजिनांची यादी आहे, मामांकडे सहा टाइमटेबलं, तुमच्याकडे वही. एकत्र ठेवायला हवं. इंजिनाला रोज किती कोळसा लागायचा ते पाट्यांवरून निघेल.

मीटरगेज_मामा

माझी टाइमटेबलं मीटरगेजची आहेत, बार्शीच्या कामाची नाहीत. पण रकाना कसा वाचायचा ते सांगेन. वाळवीची दोन आधी स्कॅन करतो, नातवाला सांगितलंय.

अंबाजोगाईकर

माझं सॉमरसेट बाजूलाच राहिलं, पण राहू द्या. मी बँकेतला, मला रकाने जुळवता येतात. पानं पाठवाल तशी तक्त्यात भरत जाईन. @येडशीचा_जावई, मोडी वाचलेल्या पानांत अजून काही न उलगडलेलं?

येडशीचा_जावई

एक आहे. काही नावांपुढे नुसतं "भि" लिहिलंय. सरांनाही लागलं नाही. त्या दिवशी पाट्यांच्या रेघा कमी दिसतात.

थर्मलची_पाटी

भिजका कोळसा! ओला झाला की पाटी उचलत नाही. आम्ही वेचायचो तेव्हा पावसात निम्मीच भरायचो.

अंबाजोगाईकर

"भि" फक्त आषाढ-श्रावणात आहे का?

येडशीचा_जावई

बहुतेक तिथेच. पण दोन चैत्रातही आहेत.

मीटरगेज_मामा

चैत्रात पाणी मारत असतील, धूळ बसायला. आम्हीही शेडमध्ये मारायचो.

ढोकीचा_बाळ्या

किंवा भिवा नावाचा कुणी असंल. त्याच्या हाताखालची माणसं.

येडशीचा_जावई

थांबा. पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव भिवा होतं. आईला विचारून सांगतो, ती आत्ता झोपलीय.